रील बिग फिशचा ट्रम्पेटवाला: स्कॉट क्लॉप्फनस्टाइन गेला तेव्हा बँडमधून नक्की काय गेलं?

उलटाठेका

इथे जॅझवर दर पावसाळ्यात एक धागा निघतो, मेटलवर तर हाणामाऱ्या होतात, पण स्का-पंकच्या वाटेला कोणी गेल्याचं आठवत नाही. म्हणून हा प्रपंच.

ज्यांना स्का ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक-दोन-तीन-चार मोजा आणि गिटारचा झटका आकड्यांवर न टाकता दोन आकड्यांच्या मधल्या जागेत टाका. झाला स्का. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जमैकात हा प्रकार सुरू झाला, रेगे पुढे त्याच्यातूनच निघाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या बँडच्या मंडळींनी तो परत आणला. ऐंशीच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ऑपरेशन आयव्ही या बँडने त्याला पंकचा वेग आणि आरडाओरडा दिला. मग नव्वदीत अमेरिकेत ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये शाळेच्या बँडमधून सुटलेली ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाली पोरं जमायला लागली. १९९७ च्या सुमाराला तर हे संगीत रेडिओवर चक्क गाजत होतं.

त्या लाटेतला माझा लाडका बँड म्हणजे हंटिंग्टन बीचचा रील बिग फिश. आणि त्यातला माझा लाडका माणूस स्कॉट क्लॉप्फनस्टाइन. बँडचा मालक-चालक, मुख्य गायक, गिटारवाला आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता ॲरन बॅरेट. स्कॉट नव्वदच्या मध्यावर पोरसवदा वयात आला. काम ट्रम्पेट वाजवण्याचं, आणि दुसरा आवाज लावण्याचं. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘टर्न द रेडिओ ऑफ’ आला तेव्हा बँडमध्ये चार फुंकणारे होते: स्कॉट आणि टॅव्हिस वर्ट्स ट्रम्पेटवर, डॅन रेगन आणि ग्रँट बॅरी ट्रॉम्बोनवर. ‘सेल आउट’ हे त्यातलं गाणं. मोठ्या कंपनीशी करार करून स्वतःला विकण्याची टिंगल करणारं, आणि तेच गाणं त्यांना रेडिओवर घेऊन गेलं. अल्बमच्या अमेरिकेत पाच लाखांवर प्रती खपल्या, गोल्ड मिळालं. रेडिओ बंद करा म्हणणारा अल्बम रेडिओमुळे खपला. असो.

पुढे लाट ओसरली. १९९९ पर्यंत बहुतेक स्का बँड घरी गेले किंवा त्यांनी ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा) काढून टाकून साधा पंक सुरू केला. हे मात्र गाडीत बसून गावोगाव फिरतच राहिले. ढोलवाला बदलला, ग्रँट गेला, २००१ मध्ये टॅव्हिस गेला, २००७ मध्ये बेसवाला मॅट वाँग गेला. स्कॉट होता. आणि जानेवारी २०११ मध्ये तोही गेला. भांडण नाही, कोर्ट नाही. घरी मूल आलं होतं, बाप झालेल्या माणसाला घरी राहायचं होतं.

माझं म्हणणं एवढंच: त्या दिवशी बँडचा ट्रम्पेटवाला गेला असं सगळे म्हणाले, पण गेला तो दुसरा आवाज. ट्रम्पेट तर राहिलाच, जॉन क्रिश्चनसन होता की. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळमार्गी

लेख आवडला, विषय कळला नाही. सहा जण स्टेजवर, त्यातला एक फुंकणारा गेला. दुसरा आणा. स्का असो नाहीतर काही असो, ब्रास म्हणजे ताटातली चटणी. असली तर बरी, नसली तर जेवण अडत नाही.

चिक्की

सरळमार्गी, ‘सेल आउट’ची सुरुवात ऐकून या आणि मग बोला. ती ब्रासची ओळ काढा, काय उरतं बघा. मी गाणं विसरले तरी ती ओळ डोक्यातून जात नाही.

उलटाठेका, झकास धागा. वाचनखूण साठवली आहे.

पिपाणी

चटणीवाल्यांसाठी जरा विस्ताराने लिहितो. मी स्वतः वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकलेला आहे (कोल्हापूरकडे, आता सोडलं), त्यामुळे हा विषय माझ्या ओठांचा आहे.

पहिली गोष्ट, पट्टी. नेहमीच्या ट्रम्पेटचा सा काळी पाचला असतो, म्हणजे बी फ्लॅट. गिटारवाल्याला सोयीच्या पट्ट्या म्हणजे पांढरी तीन आणि पांढरी सहा, ई आणि ए. उघड्या तारा मिळतात ना. आता गिटारवाल्याने ई धरला की ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर एफ शार्प येतो, सहा शार्प. ए धरला तर पाच. ज्या पट्टीत गिटारवाला डोळे मिटून वाजवतो त्याच पट्टीत आमची बोटं तीन व्हॉल्व्हवर एकमेकांत अडकतात. त्यात स्का-पंकचा वेग. आमचे मास्तर म्हणायचे, गाणं गायकाच्या पट्टीत आणि शिव्या ट्रम्पेटला.

दुसरी गोष्ट, ओठ. गिटारची तार तुटली तर दुसरी लावता येते. ट्रम्पेटमध्ये कंप पावतो तो तुमचा ओठच. तासाभरानंतर ओठाच्या कडेचे स्नायू जवाब द्यायला लागतात, वरचे सूर निसटतात. मग माणूस माउथपीस ओठावर जास्त दाबतो, त्याने आतून दाताचा वळ उठतो, रक्त थांबतं आणि सूर आणखी निसटतो. दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेला आणि दुसऱ्या गावात पुन्हा तेच. मुक्काम बदलत रोज वाजवणारा माणूस खरं तर रोज ओठ सांभाळत असतो.

आणि तिसरी, जी स्कॉटला लागू आहे: फुंकणं आणि गाणं. फुंकताना ओठाच्या कडा घट्ट, तोंड ओलं, छातीत दाबलेली हवा. गाताना जबडा सैल, घसा मोकळा. कडवं गाऊन झालं की दोन-चार मात्रांत ट्रम्पेट तोंडाला लावायचा आणि पहिलाच सूर नेमका लागला पाहिजे, कारण बाजूला ट्रॉम्बोन त्याच सुरावर उभा आहे. बेसूर झाला तर लपायला जागा नाही. एक व्हिडिओ मी मुद्दाम हळू करून पाहिला. ओळ गाऊन तो ट्रम्पेट उचलतो, ओठ एकदा आत ओढून ओले करतो, आणि फुंकण्याआधी नाकाने नाही तर तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. तेवढाच वेळ असतो. हे काम ज्याला जमतं तो चटणी नव्हे हो.

सरळमार्गी

पिपाणी साहेब, चटणी मागे घेतो. तरी प्रश्न राहतोच. टॅव्हिसही ट्रम्पेटच वाजवायचा. २००१ मध्ये तो गेला तेव्हा कोणी धागे काढले नाहीत. मग स्कॉटचंच एवढं का?

ऑरेंज काउंटीकर

मी नव्वदच्या शेवटी इथे शिकायला आलो तेव्हा माझ्या रूममेटने ओढून नेलं होतं यांच्या कार्यक्रमाला. मला संगीतातलं काही कळलं नाही, पण गंमत कळली. दोन गाण्यांच्या मध्ये ॲरन आणि स्कॉट एकमेकांची जी खेचत होते ती निम्मी तिकीटवसुली होती. ॲरन चौकड्यांचा कोट घालून गंभीर चेहऱ्याने ‘सगळं भिकार आहे’ छाप काहीतरी बोलणार, आणि स्कॉट त्याच्या नाकावर त्याची टर उडवणार. त्यांच्या गाण्यांचा स्वभावही तोच आहे: अपयश, प्रेमभंग, संगीतधंद्याला शिव्या, आणि ते सगळं नाचायच्या ठेक्यावर. १९९५ मध्ये स्वतःच काढलेल्या त्यांच्या अल्बमचं नावच ‘एव्हरीथिंग सक्स’.

२००६ ची ‘अवर लाइव्ह अल्बम इज बेटर दॅन युअर लाइव्ह अल्बम’ ऐका. नावातच आगाऊपणा. त्यात गाण्यांइतकीच बडबड ठेवली आहे, आणि ती ठेवण्यासारखी होती म्हणूनच ठेवली. टॅव्हिस गेला तर वाजवणारा गेला. स्कॉट गेला तर ॲरनला उलट उत्तर देणारा गेला. सरळमार्गी, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

‘एस. आर.’ नावाचं गाणं ते एकाच कार्यक्रमात पुन्हा पुन्हा वाजवायचे, एकदा पंक, एकदा डिस्को, एकदा कंट्री, एकदा घशातून गुरगुरणारं मेटल. लोक हसून लोळायचे. गाणं आहे सबर्बन रिदम या लाँग बीचच्या जुन्या स्का बँडवर, जो मोडला. म्हणजे बँड मोडण्याच्या दुःखावरचं गाणं त्यांनी स्वतःचा हुकमी विनोद करून टाकलं होतं. यांच्याकडे निरोपाचा समारंभ वगैरे होईल अशी अपेक्षाच चूक.

चिक्की

+१. आणि टॅव्हिस-स्कॉट फरक कानालाही कळतो. ‘व्हाय डू दे रॉक सो हार्ड?’ (१९९८) मध्ये ॲरनच्या आवाजाला जी धार आहे तिच्याखाली स्कॉटचा आवाज कसा बसलाय ते हेडफोन लावून ऐका. ॲरनचा आवाज नाकातला, थोडा किरकिरा. स्कॉटचा गोल, सोलवाल्यांच्या (सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वळणाचा. दोन्ही मिळून रील बिग फिश होतो. नुसता ॲरन फार वेळ ऐकला की मला तरी डोकं धरावं लागतं.

उलटाठेका

चिक्की, अगदी. सोलवाल्यांच्या वळणाचा म्हणालात ते फारच नेमकं आहे, कारण त्याचा स्वतःचा दुसरा संसार होता: द लिटलेस्ट मॅन बँड. ‘बेटर बुक एंड्स’, २००४. तिथे स्का जवळपास नाही, पंक अजिबात नाही. सावकाश गाणी, सोल आणि जॅझकडे झुकलेली, ट्रम्पेटही ओरडत नाही. तो अल्बम ऐकल्यावर मला वाटलं की हा माणूस २००४ मध्येच अर्धा बाहेर होता. पण पुन्हा गाडीत बसला आणि आणखी सहा-सात वर्षं ‘सेल आउट’ वाजवत राहिला.

निमूटराव

सहसा इथे नुसता वाचतो, पण पैशाचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मी हिशेबातला माणूस.

तीन जणांचा पंक बँड आणि सात जणांचा स्का बँड यांना छोट्या हॉलमध्ये मिळणारी रक्कम साधारण सारखीच असते. हॉलवाला तिकिटं मोजतो, डोकी मोजत नाही. खर्च मात्र डोक्यागणिक: जेवण, झोपायची खोली, गाडीतली जागा. तिघांत वाटायचं ते सातांत वाटलं जातं. लाट ओसरल्यावर कित्येक बँडांनी आधी ब्रासच का काढला, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. कलेच्या नावाखाली सांगितलं गेलं, पण वहीत लिहिलेलं दिसतं.

दुसरं, हक्काचा पैसा. गाणं रेडिओवर वाजलं की रचनेचं मानधन गाणं लिहिणाऱ्याला जातं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजल्याबद्दल वाजवणाऱ्याला, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या कलावंताला, काहीही मिळत नाही. हो, काहीही. अमेरिकेचा हा जुनाच वाद आहे. म्हणजे ज्या ब्रासच्या ओळीमुळे चिक्कीताईंच्या डोक्यात गाणं बसलं ती ओळ फुंकणाऱ्याची कमाई मुख्यतः प्रवासातून. प्रवास थांबला की कमाई थांबली. आणि प्रवास चालू ठेवायचा तर घरातलं बाळ महिनोन्महिने दिसणार नाही. ॲरनसारख्या गीतकाराला घरी बसूनही थोडंफार येत राहतं. ट्रम्पेटवाल्याचं तसं नाही. स्कॉटच्या घरचा हिशेब मला माहीत नाही आणि विचारायचाही नाही, मी नियम सांगतोय.

ऑरेंज काउंटीकर

निमूटराव, तुम्ही जास्त वेळा बोलत जा.

त्यात कंपनीचा घोळ जोडा. मोजो ही त्यांची छोटी कंपनी मोठ्या माशाने गिळली, बँड जाइव्हच्या पदरात पडला. जाइव्ह म्हणजे तेव्हा ब्रिटनी स्पिअर्स आणि बॅकस्ट्रीट बॉइजचं घर. तिथे या हवाईयन शर्टवाल्यांची काय पत्रास? २००५ मध्ये ‘वुई आर नॉट हॅपी टिल यू आर नॉट हॅपी’ आला, त्यात ‘डोन्ट स्टार्ट अ बँड’ नावाचं गाणंच आहे. पुढच्या वर्षी जाइव्हचा संबंध संपला. कंपनीने जाताजाता जो संग्रह काढला त्याचं नाव ‘ग्रेटेस्ट हिट... अँड मोअर’. हिट एकवचनी. खवचटपणाला दाद द्यावी लागेल.

म्हणजे स्कॉट गेला तेव्हा बँडमागे मोठी कंपनी नव्हती, लाट जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, आणि सगळं पोट गावोगावच्या कार्यक्रमांवर. मग निमूटरावांचा नियम शंभर टक्के लागू.

म्हापशेकार

धागा बरो आसा. मराठीतच लिहितो.

फुंकणाऱ्याचं नाव मागे राहण्याची गोष्ट आम्हा गोंयकारांना नवी नाही. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड, लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, त्याने काम केलं. १९५१ च्या ‘अलबेला’तला तो ब्रास आठवा. पडद्यावर भगवानदादा नाचले, नाव अण्णांचं झालं (ते व्हायलाच हवं होतं, शंका नाही), आणि ट्रम्पेटवाल्याचं नाव आज किती जणांना सांगता येईल? फ्रँक फर्नांड तसाच. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं गोवेकर फुंकत आणि नोटेशन लिहीत होते, नाव पाटीवर नाही.

आणखी एक सांगतो, अवांतर वाटेल पण नाही. हे सगळे चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले. तिकडे जमैकात किंग्स्टनला अल्फा बॉइज स्कूल होतं, नन्सनी चालवलेलं, गरीब आणि अनाथ मुलांसाठी. तिथल्या बँडमध्ये फुंकायला शिकलेली पोरं पुढे १९६४ मध्ये स्काटलाइट्स या बँडमध्ये आली: डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, लेस्टर स्टर्लिंग, ट्रम्पेटवर जॉनी मूर. स्काचा ब्रास तिथून आला. रिको रॉड्रिग्ज पण अल्फाचाच, तो पुढे स्पेशल्सबरोबर ट्रॉम्बोन वाजवत होता. पोर्तुगीज चर्च असो की जमैकातल्या नन्स, पोराच्या हातात ट्रम्पेट दिला तो भजनासाठी, आणि पोरगं गेलं नाइटक्लबात.

म्हणून उलटाठेका, तुमचा स्कॉट नशीबवान. निदान गेल्याची बातमी तरी झाली.

पिपाणी

म्हापशेकार, क्या बात! चिक चॉकलेटवर स्वतंत्र धागा काढाच. इथे प्रतिसादात उरकू नका.

सरळमार्गी

म्हापशेकारांशी सहमत, पण एक खोडा घालतो. स्काटलाइट्सचे फुंकणारे एकट्याने लांबलचक सोलो वाजवायचे, गाणं त्यांचंच असायचं. तुमच्या स्का-पंकात ब्रास कडव्यात गप्प, मुखड्यात चार सूर. जमैकातला राजा इथे दारवान झाला. मग त्याने नोकरी सोडली तर नवल ते काय?

चिक्की

कडव्यात गप्प म्हणून तर नाचतात! आणि स्कॉट कडव्यात गप्प नव्हता, हाच तर धाग्याचा मुद्दा आहे. वाचता की नुसते खोडे?

पिपाणी

थांबा, सरळमार्गींच्या बोलण्यात तथ्य आहे. स्का-पंकात ब्रास बहुतेक वेळा एकत्र एकच ओळ वाजवतो, फार तर ट्रम्पेट वर आणि ट्रॉम्बोन खाली एका सप्तकाच्या फरकाने, नाहीतर तिसऱ्या सुराचा आधार. इतक्या वेगात सोलोला जागाच कुठे? म्हणून ‘बेटर बुक एंड्स’ कळतो. ज्याला सावकाश वाजवायचंय त्याने आयुष्यभर धावायचं किती?

उलटाठेका

आता शेवटचा मुद्दा राहिला, त्याच्या जागी काय आलं. बँडने दुसरा ट्रम्पेटवाला आणलाच नाही. मॅट ॲपल्टन आला, सॅक्सोफोन घेऊन, आधी गोल्डफिंगर या बँडमध्ये वाजवलेला. गाणारही होता. गाजलेल्या अल्बमांच्या काळात बँडच्या ब्रासमध्ये सॅक्स नव्हता, नुसतं पितळ. तो कडकपणा ‘टर्न द रेडिओ ऑफ’चा प्राण. २०१२ च्या ‘कँडी कोटेड फ्युरी’त सॅक्स आहे आणि आवाज मऊ झालाय. वाईट नाही, पण दुसराच. मग २०१३ मध्ये डॅन रेगनही गेला आणि १९९६ च्या त्या अल्बमावरचा ॲरन एकटा उरला.

मला विचाराल तर बँड २०११ मध्ये संपला. पुढे चालू राहिलं ते ॲरनचं दुकान, माल चांगला, पाटी जुनी.

ऑरेंज काउंटीकर

नाही पटलं. सुरुवातीपासून दुकान ॲरनचंच होतं. गाणी त्याची, आवाज त्याचा, कोट त्याचा. ढोलवाला गेला तेव्हा तुम्ही रडला नाहीत, मॅट वाँग गेला तेव्हा नाही. आपला आवडता गेला की बँड संपला, हा कुठला न्याय? ॲपल्टनबरोबर मी त्यांना ऐकलंय. लोक तितकेच नाचत होते, आणि त्यातल्या निम्म्यांचा ‘सेल आउट’ आला तेव्हा जन्मही झाला नसावा.

उलटाठेका

नाचणं हा निकष असेल तर गणपतीतल्या डीजेलाही बँड म्हणा.

ऑरेंज काउंटीकर

इनो घ्या.

निमूटराव

हिशेबाच्या दृष्टीने बघता ॲपल्टन ही शहाणी नेमणूक. एका डोक्यात वाद्य आणि आवाज दोन्ही. स्कॉटची जागा भरायची तर दोन माणसं लागली असती, त्यांनी एकात भागवलं. म्हणजे उलटाठेका यांचा मूळ मुद्दा बँडलाही मान्य होता असं म्हणता येईल.

चिक्की

निमूटराव रॉक्स!!

सरळमार्गी

बरं, चटणीवाल्याचा शेवटचा प्रश्न. सुरुवात कुठून करू? एकच सांगा, याद्या नकोत.

उलटाठेका

‘टर्न द रेडिओ ऑफ’. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. त्यात ‘शी हॅज अ गर्लफ्रेंड नाऊ’ आहे, सेव्ह फेरिस या बँडच्या मोनिक पॉवेलबरोबर. तिथवर आवडलं नाही तर सोडून द्या, पुन्हा त्रास देणार नाही.

पिपाणी

मी म्हणेन आधी त्यांचं ‘टेक ऑन मी’ ऐका. आ-हा या बँडचं मूळ गाणं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे यांनी काय केलंय ते लगेच कळतं. ‘बेसकेटबॉल’ या १९९८ च्या सिनेमासाठी केलं होतं, सिनेमात ते वाजवतानाही दिसतात. मूळ गाण्यातली सिंथची सुरावट ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवर घेतली आहे. ती कागदावर उतरवून एकदा वाजवून पाहा म्हटलं तर कोल्हापूरचे माझे मास्तर म्हणतील, सुट्टी द्या.

म्हापशेकार

आणि ते झाल्यावर स्काटलाइट्स. उलट क्रमाने ऐकलं तरी चालतं. चिक चॉकलेटचा धागा लिहायला घेतलाय, रविवारपर्यंत टाकतो.